स्कॅन काढून टीएमएस, केटामाइन की ईसीटी हे ठरवता येतं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं सगळं कशाबद्दल आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा आहे. चार वर्षं नैराश्य आहे, तीन औषधं होऊन गेली, फरक पडला तो थोडा आणि तात्पुरता. आता एका केंद्राने सुचवलं आहे की फंक्शनल एमआरआय करून मेंदूतल्या जोडण्यांचा, म्हणजे कनेक्टिव्हिटीचा, नकाशा काढू. मग टीएमएस (डोक्यावरून दिली जाणारी चुंबकीय स्पंदनं) लागू पडेल, केटामाइन (मुळात भुलीचं औषध) की ईसीटी (लोक ज्याला ‘शॉक’ म्हणतात तो विजेचा उपचार), हे आधीच सांगता येईल. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. हे खरोखर सांगता येतं का? आणि अहवालात ‘जोडणी कमकुवत’ असं आलं तर भाऊ बरा होणार नाही असं समजायचं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण झोप त्यानेच उडाली असणार. नाही, तसं समजायचं नाही. तो शेरा म्हणजे तार तुटल्याचा पुरावा नव्हे. शिवाय टीएमएस, केटामाइन आणि ईसीटी या तिन्हींनंतर मेंदूतल्या या जोडण्या बदललेल्या अनेक अभ्यासांत दिसल्या आहेत. म्हणजे ती कायमची शिक्षाही नव्हे.

पहिल्याचं उत्तर लांब आहे. उपचार मेंदूत नेमका कुठे द्यायचा, याबद्दल कनेक्टिव्हिटीच्या संशोधनाने आम्हाला पुष्कळ शिकवलं. समोर बसलेल्या एका माणसाला कोणता उपचार द्यायचा, हे मात्र ते आज भरवशाने सांगू शकत नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक जाहिराती त्या गल्लतीवरच उभ्या असतात.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि औषधांना दाद न देणारं नैराश्य हेच माझं रोजचं काम. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे काही ठिकाणी ‘अवलंबून आहे’ असं म्हणणार आहे. तिथे ते कशावर अवलंबून आहे तेही सांगतो.

आधी हा स्कॅन मोजतो काय ते पाहू. फंक्शनल एमआरआय विचार मोजत नाही, मज्जापेशींमधली वीजही मोजत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे प्राणवायू घेऊन येणारं रक्त वाढतं, आणि त्या रक्ताच्या चुंबकीय गुणधर्मात पडणारा बारीक फरक यंत्र टिपतं. १९९५ मध्ये भारत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस काहीही न करता नुसता पडून असला, तरी डावा आणि उजवा हात हलवणाऱ्या मेंदूच्या भागांमधले संथ चढउतार एकमेकांच्या तालात चाललेले असतात. कनेक्टिव्हिटी म्हणतात ती मुळात ही ताल जुळण्याची आकडेवारी. समोरासमोरच्या दोन घरांतले दिवे रोज एकाच वेळी लागत आणि विझत असतील, तर त्या घरांचा काहीतरी संबंध असावा असा अंदाज करता येतो. पण दोन्ही घरांमध्ये वायर ओढलेली आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही. कदाचित दोघांची कामावर जायची वेळ एक असेल. प्रत्यक्ष तंतूंचे मार्ग पाहायचे तर डिफ्यूजन इमेजिंग नावाची वेगळी पद्धत आहे, आणि तीही अंदाजच बांधते, फक्त वेगळ्या प्रकारचा.

मग अहवालात ‘कमकुवत’ किंवा ‘अतिरिक्त’ असे शब्द येतात कुठून? तुमच्या भावाचा आकडा निरोगी लोकांच्या सरासरीशी ताडून पाहिला जातो. आता तो त्या दिवशी किती झोपलेला होता, स्कॅनमध्ये डुलकी लागली का, डोकं किती हललं, आदल्या रात्री कोणती गोळी घेतली होती, या सगळ्यांनी तो आकडा हलतो. डोक्याच्या मिलिमीटरपेक्षाही कमी हालचालीने खोट्या जोडण्या दिसतात आणि खऱ्या झाकल्या जातात, हे २०१२ मध्ये स्पष्ट झालं आणि त्याआधीच्या बऱ्याच निष्कर्षांकडे पुन्हा शंकेने पाहावं लागलं. पाच-सहा मिनिटांच्या एका स्कॅनवरून एका व्यक्तीचा नकाशा काढला, तर पुढच्या आठवड्यातला नकाशा वेगळा दिसू शकतो. भरवशाचा नकाशा हवा असेल तर बराच जास्त वेळ, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी, स्कॅन करावा लागतो.

हे सगळं खरं असूनही या क्षेत्राला मी थोतांड म्हणणार नाही. गटागटांची तुलना केली की नैराश्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. डोळ्यांच्या मागच्या पातळीवर, मेंदूच्या मध्यरेषेजवळ सबजेन्युअल सिंग्युलेट नावाचा छोटा भाग आहे. हेलन मेबर्ग यांनी १९९० च्या दशकापासून त्याचा पाठपुरावा केला. दुःखात तो भाग जास्त काम करतो आणि उपचारांनी बरं वाटू लागलं की थंडावतो, असं त्यांच्या आणि इतरांच्या कामात दिसलं. दुसरं म्हणजे डिफॉल्ट मोड नेटवर्क, मार्कस रेचल यांनी २००१ मध्ये ज्याला हे नाव दिलं ते. आपण स्वतःबद्दल विचार करत बसतो तेव्हा हे जाळं जागं असतं, आणि तेच तेच मनात घोळवत राहण्याशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. आणि अलीकडची, मला स्वतःला सर्वांत रंजक वाटणारी गोष्ट २०२४ मधली. मोजक्याच लोकांचे भरपूर वेळा स्कॅन करून चार्ल्स लिंच, कॉनर लिस्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नैराश्य असलेल्या अनेकांमध्ये सेलियन्स नेटवर्क, म्हणजे ‘याकडे लक्ष दे’ असं ठरवणारं जाळं, मेंदूच्या पृष्ठभागावर जवळजवळ दुप्पट जागा व्यापून असतं. मनःस्थिती सुधारली किंवा बिघडली तरी हा विस्तार फारसा बदलत नाही. तो आजाराची पातळी सांगणारा काटा नसावा. आजाराकडे असलेला कल असावा. तुमच्या अहवालात असं काही आलं तर ते ‘उपचार लागू पडणार नाहीत’ असं वाचायचं नाही, याचं हेही एक कारण.

आता ‘कुठे’ या प्रश्नाकडे. इथे कनेक्टिव्हिटीने खरं काम केलं आहे आणि ते थोडं सविस्तर सांगण्यासारखं आहे.

२००५ मध्ये मेबर्ग, आंद्रेस लोझानो आणि सहकाऱ्यांनी अतिशय हट्टी नैराश्याच्या सहा रुग्णांमध्ये शस्त्रक्रिया करून सबजेन्युअल सिंग्युलेटजवळ बारीक इलेक्ट्रोड बसवले. याला डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. सहापैकी चौघांना सहा महिन्यांनी ठळक फायदा होता. साहजिकच आशा वाढल्या. पण पुढे मोठी, खरी-खोटी तुलना करणारी चाचणी घेतली, तेव्हा मधल्या टप्प्यावरच ती थांबवावी लागली; चालू आणि बंद उपकरणात पुरेसा फरक दिसत नव्हता. मग ज्यांना फायदा झाला होता त्यांच्यात काय समान होतं, याचा शोध सुरू झाला. पॅट्रिसिओ रिवा-पोसे यांच्या गटाला दिसलं की इलेक्ट्रोड मज्जापेशींच्या राखाडी भागात कुठे बसला यापेक्षा, तिथून जाणाऱ्या तंतूंच्या चार जुड्या एकत्र गाठल्या गेल्या का, हे महत्त्वाचं. मग त्या जुड्या आधी स्कॅनवर शोधून तिथेच इलेक्ट्रोड बसवले. २०१८ मध्ये त्यांनी ११ रुग्णांचे निकाल दिले : सहा महिन्यांनी आठ जणांना आणि वर्षाने नऊ जणांना चांगला प्रतिसाद. गट छोटा होता आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवायचं. नैराश्यासाठी ही शस्त्रक्रिया अजून संशोधनाच्याच पातळीवर आहे आणि तुमच्या भावाच्या संदर्भात आज तिचा विचार करायचं कारण नाही. सांगितलं ते अशासाठी की कनेक्टिव्हिटीचा खरा उपयोग इथे दिसतो. निशाण कुठे लावायचं ते त्याने बदललं.

टीएमएसमध्येही तेच. टीएमएस म्हणजे डोक्यावर ठेवलेल्या कॉइलमधून चुंबकीय स्पंदनं देऊन कवटीखालचा भाग उद्दीपित करणं. भूल नाही, शस्त्रक्रिया नाही. नैराश्यासाठी नेहमीचं ठिकाण म्हणजे कपाळाच्या डाव्या बाजूच्या वर, मागे असलेला डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. नाव मोठं, जागाही बरीच पसरट. सुरुवातीला ती शोधायची पद्धत अगदी ढोबळ होती : अंगठा हलवणारं ठिकाण सापडलं की तिथून पाच सेंटिमीटर पुढे. डोकी लहानमोठी असतात, त्यामुळे कित्येकांमध्ये कॉइल भलत्याच जागी पडायची. २०१२ मध्ये मायकेल फॉक्स आणि सहकाऱ्यांनी मांडलं की जिथे स्पंदनं दिल्यावर जास्त फायदा होतो, त्या जागांचा ताल सबजेन्युअल सिंग्युलेटच्या उलटा चालतो. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली. पुढे इतर गटांच्या रुग्णांमध्येही हा संबंध सापडला. म्हणजे वरून हात न पोहोचणाऱ्या खोल भागाला पृष्ठभागावरच्या त्याच्या जोडीदारामार्फत गाठायचं.

या कल्पनेवर स्टॅनफर्डमध्ये नोलन विल्यम्स यांच्या गटाने सेंट नावाची पद्धत उभारली. प्रत्येकाचा फंक्शनल एमआरआय करून त्याची स्वतःची जागा शोधायची आणि तिथे दिवसाला दहा बैठका, सलग पाच दिवस. २०२२ च्या त्यांच्या तुलनात्मक चाचणीत चार आठवड्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात लक्षणांचा गुणांक सरासरी ५२.५ टक्के उतरला, खोट्या उपचाराच्या गटात ११.१ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, या पद्धतीला मान्यता दिली. कदाचित तुम्हाला भेटलेल्या केंद्राच्या माहितीपत्रकात याचाच उल्लेख असेल. आकडे भारावून टाकणारे आहेत, पण चाचणीत फक्त २९ जण होते, आणि एक अडचण त्याहून मोठी आहे. या पद्धतीत दोन गोष्टी एकदम बदलल्या : जागा आणि मात्रा. फायदा नेमका स्कॅनने शोधलेल्या जागेमुळे झाला, की पाच दिवसांत ९०,००० स्पंदनं दिल्यामुळे? त्या चाचणीवरून ते वेगळं करता येत नाही.

वेगळं करू पाहणारी चाचणी ब्रिटनमध्ये झाली. तिचं नाव ब्राइटमाइंड, निकाल २०२४ मध्ये आले. औषधांना दाद न दिलेले २५५ रुग्ण, दोन गट. एका गटात कनेक्टिव्हिटीवरून जागा ठरवली, दुसऱ्यात साध्या रचनात्मक एमआरआयवरून. दोन्ही गट सुधारले, आणि सहा महिन्यांपर्यंत पाठपुरावा करूनही दोघांत फरक निघाला नाही. हा निकाल मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो, कारण माहितीपत्रकात तो सहसा नसतो. मात्र त्याचा अर्थही ताणू नये. त्यांनी जागा ठरवायला उजव्या इन्सुलाची, म्हणजे मेंदूच्या बाजूच्या घडीत आत लपलेल्या भागाची, जोडणी वापरली होती, सबजेन्युअलची नव्हे. आणि दोन्ही गटांत कॉइल एमआरआयच्या मार्गदर्शनानेच ठेवली होती, म्हणजे साधा गटही तसा चांगल्या अचूकतेचा होता. कल्पना मेली असं मी म्हणणार नाही. पण ‘कनेक्टिव्हिटी स्कॅन नसेल तर टीएमएस व्यर्थ’ असं कोणी म्हणत असेल तर त्याला आधार नाही.

आता ‘कोणाला काय’. तुमचा मूळ प्रश्न हा.

२०१३ मध्ये मेबर्ग यांच्याच गटाने दाखवलं की उजव्या इन्सुलाचं काम मंद असलेल्यांना बोलण्याच्या उपचाराने, म्हणजे सीबीटीने, आणि जोरात असलेल्यांना एस्सिटालोप्राम या औषधाने बरं वाटण्याची शक्यता जास्त होती. २०१७ मध्ये याच प्रश्नावर सबजेन्युअल भागाच्या जोडण्यांवरून तसंच काहीसं चित्र निघालं. त्याच वर्षी हजाराहून अधिक लोकांच्या स्कॅनवरून नैराश्याचे चार प्रकार पडतात आणि त्यांपैकी एकाला टीएमएसचा जास्त फायदा होतो, असा निबंध आला आणि जगभर गाजला. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने तीच पद्धत वेगळ्या रुग्णांवर लावून पाहिली; ते चार प्रकार ठाम आहेत असं आकडेवारीत टिकलं नाही. २०२४ मध्ये लीॲन विल्यम्स यांच्या गटाने सहा प्रकार मांडले आहेत. हे काम जास्त शिस्तीचं आहे आणि मी त्याकडे लक्ष ठेवून आहे. चार, मग सहा. पुढे आणखी किती होतील कोण जाणे.

असं का होतं? मुख्य कारण साधं आहे. एका मेंदूतून हजारो जोडण्यांचे आकडे निघतात आणि अभ्यासात रुग्ण असतात पन्नास किंवा शंभर. इतक्या आकड्यांत शोधायला बसलं की योगायोगानेही काहीतरी जुळतंच. मेंदूचे नकाशे आणि वागणूक यांचा संबंध खात्रीने सांगायचा तर हजारो माणसं लागतात, असं २०२२ मध्ये ‘नेचर’मधल्या एका मोठ्या विश्लेषणाने दाखवलं, आणि त्यानंतर छोट्या अभ्यासांवरचे दावे मी तरी हातचं राखूनच वाचतो.

पण समजा हे सगळे अडथळे दूर झाले आणि बऱ्यापैकी चाचणी हाती आली. तरीही तिचा तुम्हाला उपयोग होईल का? इथे थोडं गणित करू, कारण याच ठिकाणी लोक फसतात. समजा १०० रुग्णांना टीएमएस दिलं तर ५० जणांना चांगला फायदा होतो. आता समजा चाचणी ७० टक्के अचूक आहे, फायदा होणाऱ्यांमध्येही आणि न होणाऱ्यांमध्येही. फायदा होणाऱ्या ५० पैकी ३५ जणांना ती ‘होईल’ सांगेल आणि १५ जणांना चुकून ‘होणार नाही’. फायदा न होणाऱ्या ५० पैकी ३५ जणांना ‘होणार नाही’ आणि १५ जणांना चुकून ‘होईल’. म्हणजे ‘होणार नाही’ असं ऐकून घरी गेलेले एकूण ५०, आणि त्यांपैकी १५ जणांना प्रत्यक्षात फायदा झाला असता. तीस टक्के.

आता हे तीस टक्के पर्यायाशेजारी ठेवून पाहा. स्टार-डी या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निकाल २००६ मध्ये आले, पहिल्या औषधाला साधारण निम्म्या रुग्णांनी प्रतिसाद दिला होता. दोन औषधं फसल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावर तो १६-१७ टक्क्यांवर आला. टीएमएसच्या आणि औषधांच्या अभ्यासांतले रुग्ण सारखे नसतात, त्यामुळे आकडे असे सरळ शेजारी ठेवणं काटेकोर नाही. पण दिशा चुकीची नाही : नेदरलँड्समधल्या एका चाचणीत अशाच ८९ रुग्णांना एक तर टीएमएस दिलं किंवा औषध बदलून दिलं, तेव्हा प्रतिसाद ३७.५ टक्के विरुद्ध १४.६ टक्के होता. म्हणजे ७० टक्के अचूक चाचणीने ‘नाही’ म्हटलं तरी आणखी एक गोळी बदलून पाहण्यापेक्षा टीएमएस करून पाहणं शहाणपणाचं ठरू शकतं. आणि चाचणीने ‘हो’ म्हटलं असतं तर? तरी तेच केलं असतं. जिच्या दोन्ही उत्तरांनी निर्णय एकच राहतो ती चाचणी करण्यात काय अर्थ?

इथवरचं एका वाक्यात : जागा शोधायला स्कॅनचा उपयोग असू शकतो आणि तिथेही तो अत्यावश्यक ठरलेला नाही, उपचार निवडायला आज तो कच्चा आहे.

मग आम्ही निवडतो कसं? पहिला तास मी उपचारांवर घालवतच नाही. आजार खरोखर औषधांना दाद न देणारा आहे का, हे पाहतो. व्याख्येप्रमाणे किमान दोन औषधं पुरेशा डोसमध्ये आणि पुरेसा काळ घेऊनही फायदा झालेला नसावा. तुमच्या भावाची तीन औषधं ‘झाली’ असं तुम्ही लिहिलंय. प्रत्येकाचा डोस किती वाढवला होता, पूर्ण डोसवर सहा-आठ आठवडे काढले का, की झोप येते किंवा मळमळतं म्हणून दहाव्या दिवशी बंद केलं? जुन्या चिठ्ठ्या मांडल्या की तीनपैकी एखादंच औषध खऱ्या अर्थाने दिलं गेलं होतं, असं बऱ्याचदा निघतं. मग निदान. पूर्वी कधी काही दिवस झोप कमी लागूनही अंगात प्रचंड उत्साह, खर्च, बडबड असं झालं होतं का? तसं असेल तर हे बायपोलर आजारातलं नैराश्य असू शकतं आणि सगळी वाटच बदलते. हा प्रश्न रुग्णाला विचारून पुरत नाही, तो तुमच्यासारख्या घरच्यांना विचारावा लागतो. थायरॉइड, बी-१२, रक्तक्षय, रोजची दारू, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, दुसऱ्या आजारासाठी चालू असलेली स्टिरॉइडसारखी औषधं, हे सगळं पाहायचं. या साध्या गोष्टी सुटल्या तर कितीही महागडा नकाशा उपयोगाचा नाही.

त्यानंतर लक्षणं स्वतःच बरंच सांगतात. ‘मी पापी आहे’, ‘माझी आतडी सडली आहेत’ अशा ठाम भ्रमांसह आलेलं नैराश्य, खाणंपिणं सुटलेला माणूस, हालचाल जवळजवळ थांबलेली, किंवा जिवाला तातडीचा धोका, अशा वेळी मी ईसीटीकडेच वळतो. लोक ‘शॉक’ म्हणून घाबरतात. १९३८ मध्ये तो सुरू झाला तेव्हाची पद्धत आणि आजची भूल देऊन, स्नायू शिथिल करून केली जाणारी पद्धत यांत मोठं अंतर आहे. उपचाराच्या काळातलं विसरायला होणं हा त्याचा खरा तोटा आहे आणि तो लपवू नये. वय जास्त, भ्रम असलेला आणि फार लांबलेला नसलेला आजार, यांत ईसीटी विशेष चांगलं काम करतं.

भ्रम नाहीत, माणूस चालता-बोलता आहे, पण औषधांनी भागत नाही, अशा चित्रात टीएमएस चांगला पर्याय असतो, आणि फसलेल्या औषधांची यादी जितकी लहान तितकी आशा जास्त. डोक्यात धातूचं इम्प्लांट, कॉक्लिअर इम्प्लांट किंवा फिट्सचा इतिहास असेल तर आधी सांगा. झोपेसाठी किंवा घबराटीसाठी बेन्झोडायझेपाइन गटातल्या गोळ्या रोज चालू असतील तर तेही. त्या चालू असणाऱ्यांमध्ये टीएमएसचा प्रतिसाद कमी दिसतो, आणि ईसीटीतही त्या आड येतात. मात्र त्या स्वतःहून अचानक बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

केटामाइनचा गुण म्हणजे वेग. काही तासांत ते दिवसाभरात फरक दिसू शकतो. दुर्गुण म्हणजे तो फरक टिकवायला पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. ईसीटीशी तुलना विचाराल तर २०२३ च्या अमेरिकन चाचणीत, भ्रम नसलेल्या रुग्णांमध्ये, केटामाइनला ५५.४ टक्के आणि ईसीटीला ४१.२ टक्के प्रतिसाद होता. स्वीडनमधल्या चाचणीत दवाखान्यात दाखल असलेल्या रुग्णांमध्ये उलट, ईसीटीने ६३ टक्के आणि केटामाइनने ४६ टक्के लोक लक्षणमुक्त झाले. विरोध वाटतो, पण रुग्ण किती आजारी होते ते पाहिलं की बराचसा उलगडतो. तुमचा भाऊ अजून कामावर जात असेल तर पहिली चाचणी त्याच्या जवळची, अंथरुणाला खिळला असेल तर दुसरी.

मग स्कॅन कधीच नको का? तसंही नाही. नैराश्य उतारवयात पहिल्यांदाच आलं असेल, सोबत फिट्स, नवी डोकेदुखी, चालण्यात किंवा बोलण्यात बदल असेल, तर साधा एमआरआय हवाच. पण तो गाठ किंवा पक्षाघात यांसारखं काही नाही ना हे पाहायला. सेंटसारख्या पद्धतीत जागा शोधायलाच स्कॅन लागतो, तिथे तो उपचाराचा भाग आहे. आणि एखादं संशोधन चालू असेल, नैतिक समितीची परवानगी असेल, खर्च तुमच्यावर नसेल, तर भावाने जरूर भाग घ्यावा. मोठ्या संख्येने लोक आले तरच या प्रश्नाचं उत्तर कधीतरी मिळणार आहे.

त्या केंद्राला तीन प्रश्न विचारा. स्कॅनमध्ये एक उत्तर आलं तर काय कराल आणि उलट आलं तर काय कराल? तुमची ही भाकीत करण्याची पद्धत तुमच्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणी, दुसऱ्या रुग्णांवर तपासली आहे का? आणि स्कॅन न करता उपचार सुरू करायला तुमची तयारी आहे का? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ आलं आणि कारण नीट सांगता आलं नाही, तर मी दुसरं मत घेईन. आणि या सगळ्या विचारविनिमयाच्या काळात भाऊ जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलं बरं, असं काही बोलला तर स्कॅनची किंवा कुठल्याही भेटीची वाट पाहू नका; त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना गाठा किंवा तातडीच्या विभागात न्या, आणि त्याला एकटं सोडू नका.

एक गोष्ट आजपासूनच करता येईल. कोणता उपचार लागू पडतोय हे ओळखायला आज माझ्याकडे सगळ्यात उपयोगी साधन आहे ते दर आठवड्याला भरलेली प्रश्नावली. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची असते, गुण ० ते २७. टीएमएसमध्ये दहाव्या बैठकीपर्यंत गुणांत काहीच हालचाल नसेल तर पुढे मोठा फायदा होण्याची शक्यता कमी होते. उशिरा दाद देणारेही असतात, म्हणून केवळ तेवढ्यावरून उपचार थांबवायचा नाही, पण जागा, मात्रा किंवा उपचार बदलण्याबद्दल बोलायची ती वेळ. भावाला दर रविवारी एक कागद भरायला सांगा, तारीख घाला आणि औषधांच्या यादीसोबत फाइलमध्ये ठेवा. पहिला कागद नवा उपचार सुरू होण्याआधीचा हवा; नंतर आठवून भरलेल्याचा उपयोग होत नाही.